एकोणसत्तरला टाळी

घरात मला वेंधळी म्हणत, शाळेत बाई भिरभिरी म्हणत, आणि विहारात वंदनेला बसल्यावर एक डोळा उघडा ठेवणारी म्हणून मी साऱ्या वस्तीत प्रसिद्ध होते. यातल्या कुठल्याच नावाचा मला कधी त्रास झाला नाही. पण घाटकोपरच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, छापील कागदावर, माझ्या नावापुढे ‘अवधान-न्यूनता व आवेगशीलता’ असं लिहिलेलं वाचलं तेव्हा मला वाटलं, हा कसलातरी मोठा आजार आहे आणि आता आपण फार दिवस काढत नाही. घरी येऊन आईला कागद वाचून दाखवला. अर्थही सांगितला, जेवढा मला कळला होता तेवढा. ती म्हणाली, म्हणजे वेंधळीच ना, मग एवढी शाई कशाला घालवली त्यांनी. आणि पुन्हा मशीनवर वाकली.

आई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. भांडुपच्या टेकडीवर आमची एकच खोली, आणि तिच्यात पिकोचं मशीन दाराशी, उजेडाला. ते चालू असलं की खोलीत कोणाचं बोलणं कोणाला ऐकू यायचं नाही, त्यामुळे आम्ही सगळे ओरडून बोलायला शिकलो. आजही मी फोनवर बोलते तेव्हा माणसं मोबाईल कानापासून लांब धरतात. मशीन थांबलं की आई येसराची आमटी करायची, जालन्याकडची, तोंड पोळेल अशी तिखट. आमटी उकळायला लागली की शेजारची गुजराती काकू खिडकी लावून घ्यायची आणि अर्ध्या तासाने वाटी घेऊन यायची. बाबा बस कंडक्टर होते. त्यांना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, पण गाड्यांचे नंबर तोंडपाठ, आणि नंबर चुकीचा म्हणणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मनापासून तिटकारा होता. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास यांत घोळ घालणारा प्रवासी भेटला की ते घरी येऊन जेवताना तो किस्सा सांगत. चुकून भलत्या गाडीत चढलेला माणूस कुठल्या कुठे जाऊन उतरतो, त्याच्या दिवसाची वाट लागते, आणि का, तर त्याला मास्तराने आकडे नीट शिकवले नाहीत. मला पाढे त्यांनीच शिकवले, मी खोलीत गोल गोल फिरत असताना. बसून म्हण, असं ते कधी म्हणाले नाहीत. फिरत म्हटलेलं चुकतं असं थोडंच आहे, म्हणायचे.

आता माझ्या गुन्ह्याबद्दल. आमच्या क्लासच्या सरांची स्कूटर खाली उभी होती आणि किल्ली तिलाच लटकत होती. मला स्कूटर चोरायची नव्हती. मला किल्ली दिसली आणि हात गेला, बस. भांडुपहून निघाले ती मुलुंडला एका बेकरीच्या काचेत थांबले. पाव, खारी, काचा आणि मी, सगळं एका ढिगात. सर तसे भले माणूस, पण बेकरीवाला भला नव्हता, आणि प्रकरण बाल न्याय मंडळापर्यंत गेलं. आज मी त्याच मुलुंडमध्ये बायका-मुलींना स्कूटर चालवायला शिकवते. पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगते ती ही, की उतरल्यावर किल्ली काढून घ्यायची. त्यामागचं कारण मात्र आजवर एकीलाही सांगितलेलं नाही.

घाटकोपरचा तो कागद बघून मंडळाने मला घरी ठेवलं, पण एका अटीवर. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, ‘संज्ञानात्मक कौशल्य प्रशिक्षण’. शेवटी परीक्षा. सुधारणा दिसली तर प्रकरण बंद, नाही दिसली तर रिमांड होमला रवानगीचा विचार. हे प्रशिक्षण एक संस्था द्यायची. संस्थेने कुठल्यातरी थंड देशातलं पुस्तक आणलं होतं आणि त्याचं मराठी करवून घेतलं होतं. कोणाकडून, देव जाणे. त्यात चित्रं होती. एका चित्रात दोन मुलं बर्फाचे गोळे हातात घेऊन उभी, आणि खाली प्रश्न, ‘जॉनने गोळा फेकण्यापूर्वी काय करावयास हवे होते?’ आमच्यातल्या एकाने लिहिलं की सरबत घालून खायला हवा होता. त्याचे दोन गुण गेले. आम्हाला प्रत्येकाला एक कार्ड मिळालं, वर प्लास्टिक चढवलेलं, त्यावर सिग्नलचे तीन दिवे. लाल, थांबा. पिवळा, विचार करा. हिरवा, कृती करा. ते कायम खिशात ठेवायचं आणि डोकं तापलं की काढून बघायचं. भांडुप स्टेशनबाहेर कोणी शिवी दिली की खिशातून कार्ड काढून वाचणारी मुलगी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या योजनेमागची अक्कल लक्षात येईल. आणि श्वासाकडे लक्ष द्या, येणारा श्वास बघा, जाणारा बघा, हेही एका धड्यात होतं, परदेशी शोध म्हणून. आमच्या विहारात वंदना घेणाऱ्या ताई हेच रविवारी फुकट सांगायच्या, वर केळं द्यायच्या.

शिकवायला रेवती मॅडम होत्या. बोरीवलीच्या, नुकत्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या, सुती कुर्ते, गळ्यात ओळखपत्र. स्वभावाने वाईट नव्हत्या. कोणावर ओरडायच्या नाहीत, बिस्किटं सारखी वाटायच्या. पण सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं आणि आमच्याशी मराठीत बोलणं हे समाजकार्य आहे असं कोणीतरी त्यांच्या मनात भरवलेलं. त्या एकेक शब्द असा जपून टाकायच्या की ऐकताना आम्हालाच धाप लागायची. आम्ही सातजण होतो. आमचं लक्ष नाही हे सिद्ध झालेलं होतं, म्हणून आमच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं. कोणी काय खाऊन आलंय, कोण रात्री कुठे झोपतो, हे त्या पुस्तकात विचारलेलंच नव्हतं.

सातांतला एक सुशांत. माझ्याच वयाचा, भांडुपलाच खाली राहायचा. आई आणि तो, दोघंच, मालवणकडचे. काही मोठी पोरं ट्रकच्या बॅटऱ्या काढत आणि याला राखणीला उभं करत. कोणी आलं की शिट्टी मारायची, एवढंच काम. त्या दिवशी पोलीस आले तेव्हा हा आकाशात एका काटलेल्या पतंगाकडे बघत होता. मोठी पोरं पळाली, हा सापडला, आणि तरी पतंग कुठे पडला ते बघतच होता. त्याची आई हे मला सांगायची तेव्हा तिला हसावं की रडावं कळायचं नाही. “माझो झील चोर नाय गो,” ती म्हणायची, “तेचा ध्यान नसता.” तिला एकच धास्ती होती. ती चार घरची पोळ्या-भाजीची कामं करायची, दिवसभर घराबाहेर असायची, आणि मंडळाने तिला सांगूनच ठेवलं होतं की घरी मुलावर देखरेख नाही, तेव्हा याची परीक्षा चांगली झाली नाही तर तो घरी राहणार नाही. सुशांतने हे जे मनावर घेतलं तसं आमच्यातल्या कोणी घेतलं नाही. मॅडम म्हणायच्या डोळे मिटा, की तो मिटायचा. म्हणायच्या फक्त कान उघडे ठेवा, की तो खरंच सगळा कान व्हायचा. बारा आठवड्यांत आमच्यापैकी कोणात काही बदललं असेल तर ते त्याच्यात.

भाचीच्या मुलाला परवा शाळेतून चिठ्ठी आली, ‘फोकस’ कमी आहे म्हणून. आता त्यासाठी मोबाईलवर खेळ आहे, बरोबर बोट लावलं की चांदण्या मिळतात. भाचीने मला विचारलं, मावशी, तुम्हालाही असलं काही होतं ना, उपयोग झाला का? मी म्हटलं, झाला. तो उपयोग काय झाला ते आता लिहिते.

शेवटची परीक्षा म्हणजे टाळीचा खेळ. सुरुवातीलाही तो घेतला होता, तेव्हा टेपवर. टेपमध्ये एक खर्जातला माणूस मोकळ्या आवाजात आकडे म्हणायचा आणि ठरलेला आकडा आला की आम्ही टाळी वाजवायची. टाळी चुकली की लक्ष नव्हतं, भलत्या ठिकाणी वाजली की आवेग. शेवटच्या दिवशी टेपने फीत खाल्ली. मॅडमनी पेन्सिल घालून ती सोडवायचा प्रयत्न केला आणि आणखी गुंतवली. मग म्हणाल्या, मी वाचते. आम्हाला दोघादोघांना आत बोलावलं. मी आणि सुशांत एकत्र. सूचना अक्षरांत छापलेली होती, ती त्यांनी बरोबर वाचली, ‘एकोणसत्तर ही संख्या ऐकताच टाळी वाजवा.’ पुढची यादी आकड्यांत होती. सुशांतने डोळे मिटले. मी नेहमीप्रमाणे मिटले नाहीत, आणि मी मॅडमच्या कोपराशीच बसले होते, त्यामुळे कागद मला दिसत होता.

बत्तीस, सत्तेचाळीस, अठरा, बऱ्यापैकी चाललं होतं. मग त्यांचं पेन ६९ वर आलं आणि त्या म्हणाल्या, “एकोणसाठ.” कोणी टाळी वाजवली नाही, वाजवायची नव्हतीच. मॅडमनी भुवया वर केल्या, आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, आणि वाट बघत थांबल्या. मी त्या भुवया बघितल्या आणि टाळी वाजवली. लहानपणापासून मोठ्यांच्या भुवया वाचूनच जगलेली मी, मला त्यासाठी आकडा कशाला हवा. मॅडमनी समाधानाने माझ्या नावापुढे खूण केली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं. एकोण म्हणजे एक कमी, हे या बाईंना कोणी सांगितलेलंच नव्हतं. पुढे सहा दिसला की साठ, सात दिसला की सत्तर, एवढाच त्यांचा हिशेब. थोड्या वेळाने ७९ आला. मॅडम म्हणाल्या, “एकोणसत्तर.” सुशांतने डोळे मिटूनच खणखणीत टाळी वाजवली. त्याच्या नावापुढे फुली पडली. पुन्हा ६९, पुन्हा “एकोणसाठ”, पुन्हा माझी एकटीची टाळी. सुशांतने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि मग घाईघाईने मिटून घेतले, कारण उघडायचे नव्हते. शेवटपर्यंत असंच चाललं. खोलीत ज्याचं एकट्याचं लक्ष होतं, तो फुल्यांवर फुल्या मिळवत होता. मी ओठ चावून हसू दाबत होते. मला ती फार मोठी गंमत वाटत होती.

बाहेर आल्यावर त्याने जिन्यात मला धरलंच. “अगं, तू एकोणसाठला का वाजवलीस?”

खरं सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. “लक्ष कुठे होतं तुझं?” मी म्हटलं. “मॅडम सरळ एकोणसत्तर म्हणाल्या की.”

“खोटं नको बोलूस यार.”

“आईशप्पथ.”

तो दोन बिस्किटं हातात धरून खाली गेला, खाल्ली नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी विसरले. एवढं एक दवाखान्याच्या त्या छापील कागदाने माझ्याबद्दल खरं लिहिलं होतं.

मंडळापुढे आम्हा सातजणांना अहवालासाठी एकत्रच उभं केलं. मधे एक चष्म्याच्या मॅजिस्ट्रेट बाई, आवाज मऊ, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. रेवती मॅडमनी अहवाल वाचला. मराठीत, आणि आकडे इंग्रजीत, म्हणून ते सगळे बरोबर आले. माझं लक्ष उत्तम, आवेगावर नियंत्रण उत्तम, वर्गातली सर्वांत लक्षणीय प्रगती. शेजारी बाबा उभे होते, त्यांनी मान ताठ केली. सुशांतच्या बाबतीत मात्र खेद होता. सुरुवातीच्या चाचणीपेक्षाही घसरण, प्रशिक्षणाला प्रतिसाद नाही. ते ऐकताना तो जमिनीकडे बघत होता. त्याच्या आईला अर्धंच कळत होतं, ती माझ्याकडे बघत होती. मॅजिस्ट्रेट बाई म्हणाल्या की घरी देखरेखीला कोणी नाही, तेव्हा सध्या याला संस्थेत ठेवणंच त्याच्या हिताचं. मग चष्मा काढून त्यांनी खरोखर मनापासून विचारलं, “तुमच्यापैकी कोणाला काही सांगायचं आहे?”

बारा आठवड्यांपूर्वीची मी असते तर प्रश्न संपायच्या आत बोलून मोकळी झाले असते. तोंडात आलेलं बाहेर पडायला माझ्याकडे कधी वेळ लागत नसे, म्हणून तर लोक मला वेंधळी म्हणत. पण त्या दिवशी मी लाल दिव्याला थांबले. पिवळ्याला विचार केला. वाचन चुकलं म्हटलं तर माझे गुणही गेले, मग माझीही परीक्षा पुन्हा, बाबांची मान पुन्हा खाली, आणि जिन्यातली आईशप्पथ वेगळीच. हिरवा लागलाच नाही. भाचीला म्हटलेला उपयोग तो हा. थंड देशातून आणलेल्या त्या सगळ्या शहाणपणाने माझ्यासारख्या बडबड्या पोरीला जन्मात एकदाच विचार करून वागायला शिकवलं, आणि विचार करून मी जे केलं ते नीचपणाचं होतं. मी संस्थेला, पुस्तकाला, मॅडमना इतकी वर्षं नावं ठेवत आले, ती ठेवायलाच हवीत. पण त्या खोलीत सगळं माहीत असलेली एकटी मीच होते.

बाहेर व्हरांड्यात सुशांतच्या आईने माझा हात धरला. “बाय, तू तेच्या वांगडा होतंस ना? काय चुकला तेचा?” त्याच्यासोबतच होते, तरी मी म्हटलं, माहीत नाही, मावशी. बाबा पुढे गेले होते, त्यांनी हाक मारली, मी हात सोडवून घेतला.

घरी आईने मशीन बंद केलं आणि शिरा केला. मग बाबांनी विचारलं की कसली परीक्षा होती ती, जरा आम्हालाही सांग. मी त्यांना मॅडमच्या आकड्यांची नक्कल करून दाखवली, कारण माझ्या माहितीत या जगात त्यावर सर्वांत जास्त हसेल असा माणूस तोच होता. ते हसलेही. एकोणसत्तरला एकोणसाठ, म्हणून मांडीवर थाप मारली. मग थाप मारलेला हात तसाच मांडीवर राहिला.

“मग त्या पोराने बरोबर वाजवली?”

“हो.”

“आणि तू गप्प बसलीस.”

त्यांनी ताटली खाली ठेवली, शिरा अर्धा होता. ते मला रागावले नाहीत. आईला एवढंच म्हणाले की उद्या माझी रजा, हिला घेऊन जायचंय. मशीन बंद असल्यामुळे खोलीत इतकं शांत होतं की ते मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कचेरीत गेलो. तिथे आमच्यासारख्या मुलांवर नजर ठेवणारे परिविक्षा अधिकारी म्हणून एक गृहस्थ होते, टेबलावर फायली आणि मधोमध डबा. बाबांनी त्यांना दोनदा समजावलं, त्यांना पटेना. शेवटी रेवती मॅडमना बोलावून घेतलं. बाबांनी तिकिटाच्या पाठीवर ६९ लिहिलं आणि नम्रपणे त्यांच्यापुढे धरलं. मॅडमनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “एकोणसाठ.” दारातला शिपाई फिसकन हसला. मॅडम सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि हळूहळू त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला आकडे इंग्लिशमध्येच येतात, म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. रडल्या ते खरं, आणि मला त्यांची कीव आली तीही खरी. पण त्यानंतर संस्थेने मंडळाला जे पत्र दिलं त्यात ‘ध्वनिमुद्रण यंत्रातील तांत्रिक बिघाडामुळे चाचणीच्या निष्कर्षांत तफावत’ असं लिहिलं होतं. दोष फीत खाणाऱ्या टेपचा. मंडळाची पुढची तारीख पाच आठवड्यांनी होती. पाच आठवडे सुशांत आत राहिला, टेपच्या चुकीसाठी. माझी परीक्षा कोणीच पुन्हा घेतली नाही. माझं लक्ष आजही सरकारदरबारी उत्तमच आहे.

तो सुटून आल्याचं कळल्यावर मी त्याच्या घरी गेले. त्याची आई कामावर गेली होती. तो उंबऱ्यात बसून सोडे, सुकवलेली कोळंबी, निवडत होता, एकेक, डोकं वर न करता. केस बारीक कापले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, मॅडम, कागद, भुवया, सगळं. त्याने हात थांबवला नाही.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“जिन्यात विचारलं, तेव्हा पण?”

“तेव्हा पण.”

शिव्या घालेल, सोडे अंगावर फेकेल, म्हणून मी तयारीने गेले होते. त्याने एक वाईट सोडा बाजूला टाकला.

“तिकडे मी रोज म्हणून बघायचो,” तो म्हणाला. “अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. रोज बरोबर यायचं. तरी वाटायचं, तू आईची शप्पथ घेतलीस, म्हणजे मलाच ऐकायला येत नसणार.”